मुखवटा आणि डाकीण

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामाच्या सभेत एका पालकांनी तक्रार मांडली. तरुण मुले मोबाईलवर रामसे बंधूंचे जुने भुताचे चित्रपट पाहतात; असल्या टाकाऊ चित्रपटांनीच अंधश्रद्धा वाढते; धर्मगुरूंनी त्यांवर बंदी घालावी. सभेने माना डोलावल्या. लहान मुलांना हे चित्रपट दाखवू नयेत, हे आम्हांस मान्य आहे. बाकी तक्रार मात्र साफ अमान्य आहे.

आधी कबुली देतो. 1984 साली आलेला ‘पुराना मंदिर’ आम्ही शाळकरी वयात, घरच्यांना चोरून, यात्रेतल्या तंबूत पाहिला. सामरी नावाचा राक्षस पडद्यावर आला की तंबू किंचाळे आणि दुसऱ्याच क्षणी खदखदून हसे. रंगवलेला चेहरा रंगवलेला आहे, हे सर्वांना दिसत होते. या चित्रपटांची मोहिनी त्यांच्या गरिबीतच आहे. 1972 चा ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ करण्यासाठी रामसे कुटुंब महाबळेश्वरला गेले. दिग्दर्शनापासून कॅमेऱ्यापर्यंतची कामे भावांनीच वाटून घेतली. मोठे नट नाहीत, झगमगाट नाही. कोट्यवधींचा चित्रपट प्रेक्षकाला दिपवून गप्प बसवतो. येथे प्रेक्षक खेळात भिडू होतो. भिण्याची हौस दोन-अडीच तासांत फिटते आणि माणूस शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकून घरी जातो.

यातून अंधश्रद्धा आली म्हणता? अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरांत वीज पोहोचली नव्हती, तेव्हाही तेथे बायकांना डाकीण ठरवले जात होते. त्यासाठी कोणा रामसेची गरज पडली नाही.

या चित्रपटांशी आमचे भांडण आहे, ते वेगळेच. ते पाप कुरूप चेहऱ्यावर लादतात आणि शाप बाईच्या माथी मारतात. सामरी रंगवणारे अनिरुद्ध अग्रवाल शिक्षणाने अभियंता! चेहऱ्यावरून सैतान ओळखता येत नाही, याचा याहून सोपा पुरावा कोणता? माणसाला विटाळणारे सारे त्याच्या अंतःकरणातूनच निघते, ही प्रभूची शिकवण मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात आहे. आपण मात्र ते बाहेर शोधतो; पडद्यावर नाही सापडले तर पाड्यावर.

दोन वर्षांपूर्वी एका पाड्यावर तापाने मूल दगावले आणि बोटे एका विधवेकडे वळली. तिला गाव सोडावे लागले. असा आरोप करणे 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तरी पोलिसांकडे कोणी गेले नाही. गप्प बसलेल्यांत आमच्या मिस्सेला येणारी कुटुंबेही होती. आम्हांस कळले तेव्हा तिची झोपडी रिकामी होती. विचारपूस आम्हीही आधी केली नव्हती. त्या वेळी मात्र धर्मग्रामाची सभा बोलवा, असे कोणी म्हटले नाही.

म्हणून बंदी नाही. मोठ्या मुलांबरोबर आम्ही स्वतः ‘पुराना मंदिर’ पाहू आणि दिवे लागल्यावर विचारू : तुमच्या पाड्यावर सामरी कोणाला ठरवले आहे? त्या प्रश्नाला पालकांनीही हजर राहावे. रंगवलेल्या राक्षसाला भिणारा प्रेक्षक उठून घरी जातो. शेजारणीला भिणारा हातात दगड घेतो. बंदी घालायचीच असेल, तर त्या दगडावर घालू या.