बुलेटचे फटाके आणि आपली मंडळे

बेळगावात शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी या भागांत राहणाऱ्या वाचकांना हा आवाज वर्णन करून सांगायला नको. रात्री अकराच्या सुमारास बुलेट येते, चालक वळणाअगोदर रेस सोडतो आणि पुंगळीतून फाट् फाट् असे बार निघतात. पाळण्यातले मूल दचकते, आजारी माणसाची लागलेली झोप मोडते. आजोबांच्या पिढीने या वाहनाला फटफटी हे नाव आवाजावरूनच दिले होते. पण ती फटफटी एका ठेक्यात चालत असे. आताचे बार हा ठेका नव्हे, तो बिघाड आहे, आणि बिघाडालाच मर्दुमकी समजणाऱ्या आपल्या काही मुलांशी आम्हाला स्पष्ट बोलायचे आहे.

बार का निघतात? रेस सोडली की इंजिनात पेट्रोल कमी आणि हवा जास्त असे मिश्रण जाते. ते नीट पेटत नाही. न जळलेले पेट्रोल गरम पाइपात उतरते, तिथे त्याला ताजी हवा मिळाली की भडका उडतो. कंपनीचा सायलेन्सर आणि कार्बोरेटर एकमेकांना जुळवलेले असतात. बाजारातली मोकळी पुंगळी बसवली की धूर सहज बाहेर पडतो, जेट मात्र जुनेच राहते, त्यामुळे मिश्रण आणखी पातळ होते. त्यातच इंजिनाच्या तोंडाशी असलेले गॅस्केट जुनेच दाबून बसवलेले असेल तर तेथून बाहेरची हवा आत ओढली जाते. आमच्या मते पहिला संशय या गॅस्केटवरच घ्यावा. ते स्वस्त असते, आणि पुंगळी बदलताना नवे टाकण्याची तसदी फार थोडे मिस्त्री घेतात.

म्हणून ज्याला खरोखर उपाय हवा आहे त्याने आधी थंड इंजिनावर नट आवळून, गॅस्केट बदलून पाहावे. सांध्याभोवती काळी काजळी दिसली तर गळती तिथेच आहे. त्यानंतर कार्बोरेटरचा स्क्रू. काही कार्बोरेटरांत तो हवेचा असतो, काहींत मिश्रणाचा, आणि फिरवण्याची दिशा दोन्हींत उलट. तेव्हा जाणत्याच्या हातूनच हे काम करावे. एवढ्याने भागले नाही तर मोठे पायलट जेट लागते. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत हा स्क्रूच उरलेला नाही. तिथे पेट्रोलचे माप संगणक ठरवतो, आणि पाइपातल्या सेन्सरच्या आधी गळती असेल तर त्या संगणकाचीच फसगत होते. अशा गाडीला खरे औषध एकच, कंपनीचा सायलेन्सर परत बसवणे.

हे झाले नकळत बिघडलेल्यांचे. काही बहाद्दर चालत्या गाडीत किल स्विच बंद-चालू करून मुद्दाम बार काढतात. ठिणगी बंद असताना कार्बोरेटरमधून आलेले पेट्रोल तसेच पुंगळीत साठते आणि स्विच लावताच तोफ उडते. यात आतली जाळी फुटते, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो. बापाने हप्ते भरून घेऊन दिलेली गाडी अशी फोडण्यात कसले शौर्य?

कायदाही आता पूर्वीसारखा ढिला नाही. आवाज व धुराचे नियम मोडून वाहन चालवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवाना रद्द, अशी तरतूद आहे. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवतीचे शंभर मीटर हे २००० सालच्या ध्वनी नियमांनुसार शांतता क्षेत्र ठरू शकतात. पोलीस जप्त केलेल्या पुंगळ्यांवर रोलर फिरवतात, त्याची छायाचित्रे छापून येतात. आमचा त्याला विरोध नाही. पण ज्या दुकानातून ती पुंगळी विकली गेली तिथे कोणी जात नाही हे आम्हाला खटकते. दंड पोराला आणि नफा दुकानदाराला, हा न्याय अर्धवट आहे.

आणि मंडळे? शिवजयंतीची दुचाकी फेरी आपल्या शहराची शान आहे. शेकडो गाड्या शिस्तीत जातात. पण पाच-सहा गाड्यांनी रुग्णालयासमोर बार काढले की दुसऱ्या दिवशी चर्चा त्या बारांचीच होते, आणि बोट दाखवले जाते ते पाच मुलांकडे नव्हे, सबंध मराठी समाजाकडे. सीमाभागात राहणाऱ्या आपल्याला हे परवडणारे नाही.

मंडळांच्या कार्यकर्त्यांनी फेरीच्या आदल्या संध्याकाळी गाड्या तपासाव्यात आणि बार काढणारी गाडी फेरीत घेऊ नये, असे आम्ही सुचवतो. उद्यमबागेत लेथवर काम करणारी पोरे ज्या मंडळात आहेत, तिथे गॅस्केट बदलायला बाहेरचा माणूस शोधावा लागणार नाही. घराच्या माळ्यावर टाकलेला कंपनीचा सायलेन्सर भंगारवाल्याला देऊ नका; गंज लागला असेल तर घासून, रंग देऊन तोच बसवा.