‘गिफ्ट’ लिहून भागत नाही!

न्यूजर्सीच्या ताईची राखी येते, सोबत हमखास काहीतरी ‘छोटंसं’. यंदा म्हणे घड्याळ. म्हटलं, ‘ताई, खोक्यावर ‘गिफ्ट’ लिहिलंस म्हणून कस्टम्सवाले विरघळत नाहीत गं!’ पोस्टानं-कुरियरनं येणाऱ्या भेटींची ड्यूटीमाफी डिसेंबर 2019 मध्येच गेली. आता पूर्ण ड्यूटी भरा, मगच माल सुटणार. अपवाद दोनच: जीवरक्षक औषधं आणि राखी. नियमात कंसात चक्क लिहिलंय, राखीसोबतच्या भेटवस्तू वगळून! (लिहिणारा साहेब कुणाचातरी भाऊच असणार.)

‘मग किंमत दहा डॉलर टाकते,’ ताई म्हणाली. अजिबात नको! 1962 च्या कस्टम्स कायद्यानुसार खोटी किंमत सापडली तर माल जप्त होऊ शकतो, वर दंड. शेवटी ठरलं: राखी वेगळ्या पाकिटात, घड्याळ खऱ्या बिलासकट. ड्यूटी माझ्याकडून, ओवाळणीतून वजा.