मुलांचे अवधान आणि आपला आहार



विहारातील बालवर्गात एखादे मूल क्षणभरही स्थिर बसत नाही, तेव्हा अनेकांचे बोट प्रथम त्याच्या आईकडे वळते: ‘काय खाऊ घालते ही त्याला?’ एडीएचडी, म्हणजेच अवधान-न्यूनता व अतिचंचलता, या अवस्थेबाबत हा प्रश्न न्याय्य आहे काय, हे आम्हांस येथे तपासावयाचे आहे.

पहिला आरोप साखरेवर होतो. १९९५ साली अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. साखरेने मुलांचे वर्तन बिघडते, असे त्यात आढळले नाही. साखर दातांना अपायकारक आहेच. पण तो मुद्दा निराळा.

कृत्रिम रंगांबाबत मात्र शंकेला जागा आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील डॉ. बेंजामिन फाइनगोल्ड यांनी त्यांकडे लक्ष वेधले. २००७ मध्ये साउथहॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी सर्वसामान्य मुलांना कृत्रिम रंग व सोडियम बेन्झोएट असलेले पेय दिले, तेव्हा चंचलतेत अल्प वाढ दिसली. सर्व मुलांवर परिणाम सारखा नव्हता. जुलै २०१० पासून टार्ट्राझिन, सनसेट यलो यांसह सहा रंग असलेल्या पदार्थांच्या वेष्टनावर इशारा छापणे युरोपीय संघात बंधनकारक झाले.

तथापि ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची २०१८ ची मार्गदर्शिका सरसकट रंगवर्ज्य आहाराची शिफारस करीत नाही. विशिष्ट पदार्थानंतर लक्षणे वाढतात असे वाटल्यास खाणे व वर्तन यांची दैनंदिनी ठेवावी आणि संबंध दिसल्यास आहारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा, असे ती सांगते. पालकांनी स्वतःच्या मनाने पदार्थांमागून पदार्थ बंद केल्यास वाढत्या वयात पोषण खुंटते. त्यातच मिथाइलफेनिडेटसारख्या औषधाने भूक मंदावते. अशा मुलास औषध जेवणाबरोबर वा जेवणानंतर द्यावे, सकाळची न्याहारी भरपेट असावी आणि रात्री भूक परतली की पुन्हा वाढावे.

केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी ऐकीव गोष्टींवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असे सांगितले. ही दैनंदिनी म्हणजे घरच्या घरी केलेली तशीच पारख होय. येत्या भीमजयंतीला जिलेबी बिनरंगी करणे आपल्या हाती आहे. तेवढे अवश्य करू. परंतु त्या मातेला दोष देण्यापूर्वी तिच्या शेजारी बसून तिचे म्हणणे ऐकून घेणे, ही करुणेची पहिली पायरी आहे.

सप्रेम जय भीम.