नाव मिळाले, भाव कुठे आहे?



या अंकाचे संपादकीय एका दारूवर आहे हे पाहून काही भगिनींच्या कपाळाला आठ्या पडतील. गावातले गुत्ते बंद पाडायला त्या रस्त्यावर उतरल्या तेव्हा आम्ही त्यांच्या बाजूने उभे होतो, आजही आहोत. दारूची तरफदारी आम्हाला करायची नाही. बोलायचे आहे ते शेतमालाच्या नावाबद्दल, आणि त्या नावातून कोणाच्या पदरात काय पडते त्याबद्दल.

फ्रान्समध्ये पॅरिसच्या आग्नेयेला सुमारे १८० किलोमीटरवर शाब्ली नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या पांढऱ्या वाइनला जगभर मान आहे. द्राक्षाचे वाण एकच, शार्दोने. हे वाण काही शाब्लीच्या मालकीचे नाही. अमेरिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत कोणीही लावतो. वेगळेपण आहे ते मातीत आणि उतारात. चुनखडी आणि चिकणमातीची जमीन, तिच्यात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या बारीक शिंपल्यांचे अवशेष. गावासमोरच्या टेकडीचा नैऋत्येला तोंड केलेला उतार सर्वांत श्रेष्ठ. तो सगळा मिळून जेमतेम १०० हेक्टर, आणि त्याचे सात भाग, प्रत्येकाला स्वतःचे नाव.

हे ऐकून वाटेल की माती चांगली, म्हणून भाव चांगला. तसे असते तर आमच्या काळ्या जमिनीचे पांग कधीच फिटले असते. शाब्लीचा इतिहास वेगळे सांगतो.

एकोणिसाव्या शतकात या भागात द्राक्षाचे मोठे क्षेत्र होते. मग रेल्वे आली आणि दक्षिणेची स्वस्त वाइन पॅरिसच्या बाजारात येऊन पडली. भाव कोसळले. त्यावर शतकाच्या अखेरीस अमेरिकेतून आलेल्या फायलॉक्सेरा किडीने मुळ्या खाल्ल्या. उरलेसुरले वसंतातल्या कडाक्याच्या थंडीने नेले. एप्रिल-मे महिन्यांत वेलीला कोंब फुटतात, आणि एका रात्रीत दंव गोठून वर्षाचे पीक काळे पडते. १९३८ साली सरकारने शाब्ली या नावाला कायद्याचे संरक्षण दिले. पण १९५० च्या दशकात शाब्लीची लागवड सुमारे ५०० हेक्टरवर आलेली होती. माती तीच, वाण तेच, नावही कायदेशीर; आणि शेतकरी वेली उपटून दुसरे काही पेरत होता किंवा गाव सोडत होता.

आज तेच क्षेत्र ५,००० हेक्टरच्या वर आहे. मधल्या काळात काय झाले, ते आम्हाला महत्त्वाचे वाटते.

पहिली गोष्ट, जोखीम आवाक्यात आली. शेतकऱ्यांनी वेलींमध्ये रात्रभर शेगड्या पेटवल्या, तुषार सिंचन बसवले. पाणी गोठताना उष्णता सोडते. कोंबावर बर्फाचे कवच धरले आणि पाणी सतत चालू ठेवले तर आतला कोंब शून्याच्या आसपास राहतो, मरत नाही. तरी धोका गेला नाही. २०१६ आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये दंवाने पुन्हा मोठे नुकसान केले. पण दरवर्षीचा जुगार राहिला नाही.

दुसरी गोष्ट, माल थांबवून धरण्याची ताकद. १९२३ साली, सगळ्यात वाईट काळात, तिथल्या शेतकऱ्यांनी ‘ला शाब्लिझिएन’ ही सहकारी सोसायटी काढली. पडेल भावाने व्यापाऱ्याला देण्याऐवजी माल एकत्र करायचा, मुरवायचा, भाव पाहून विकायचा. आज शाब्लीच्या एकूण उत्पादनाचा सुमारे चौथा हिस्सा या सोसायटीतून जातो. त्या नामांकित सात भागांपैकी ‘ग्रनुई’, म्हणजे बेडकांची टेकडी, सुमारे ९ हेक्टरची. तिच्यातला बहुतांश भाग आज सोसायटीकडे आहे. आमच्याकडे सहकार म्हटले की साखर सम्राट आठवतो. तिथे बाटलीवर शेतकऱ्यांच्या संस्थेचे नाव आहे.

तिसरी गोष्ट आम्हा कृषी पदवीधरांना झोंबणारी. कॉलेजात आम्ही एकच शिकलो: एकरी उतारा वाढवा. शाब्लीत श्रेष्ठ उतारावर हेक्टरी ५४ हेक्टोलिटर, म्हणजे ५,४०० लिटर, ही मूळ मर्यादा आहे. कारण भरमसाट माल काढला तर पहिला मार नावाला बसतो. हे वाचून कोणी उद्यापासून उतारा कमी करू नये. भावाची हमी नसताना उतारा कमी करणे म्हणजे उपाशी मरणे. क्रम आधी भावाचा आहे.

आणि नाव राखावे लागते. कॅलिफोर्नियातल्या कारखानदारांनी वर्षानुवर्षे कुठल्याही स्वस्त पांढऱ्या वाइनला ‘शाब्ली’ म्हणून विकले. २००६ साली अमेरिका आणि युरोप यांच्यात करार झाला. नव्या वापराला बंदी आली, जुने छाप मात्र चालूच राहिले. घरातही भांडणे झाली. हद्द वाढवायची की नाही यावर १९७० च्या दशकात तिथल्या शेतकऱ्यांत दोन तट पडले. नावाला भाव आला की कुंपणाच्या आत कोण, हा प्रश्न येतोच.

आता घरचे पाहू. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पावसाच्या ओलीवर, काळ्या भारी रानात वाढणारी ही मालदांडी. तिच्या भाकरीची चव वेगळी सांगावी लागत नाही. २०२० साली केंद्र सरकारने भारतीय कापसाला ‘कस्तुरी’ हे नाव दिले. दोन्ही नावे चांगली. पण ज्वारी अडत्याच्या फडीवर दुसऱ्या ज्वारीत मिसळली की तिचे नाव पोत्याबरोबर संपते. कापूस जिनिंगच्या ढिगात पडला की लांब धाग्याचा कोणाचा आणि कवडी कोणाची, गाठीला विचारता येत नाही. नावाचा कागद कपाटात, आणि माल ढिगात.

तुलना करताना एक विसरू नये. युरोपचे सरकार शेतकऱ्याच्या पाठीशी पैसा उभा करते. आमच्याकडे भाव जरा वर आला की निर्यातबंदी आणि आयात. म्हणून बाजार मोकळा करण्याची लढाई सोडून नावाच्या मागे लागा, असे आम्ही म्हणत नाही. दोन्ही लढाया एकच आहेत.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन उत्तरे आणावीत. आपला माल खळ्यापासून गिऱ्हाइकापर्यंत वेगळा ठेवता येईल का? तीन महिने थांबायला गोदाम आणि तारण कर्ज आहे का? आणि भेसळ करणारा आपलाच भाऊबंद निघाला, तर त्याला अडवायची आपली तयारी आहे का?

तिसऱ्याचे उत्तर सगळ्यात अवघड आहे. शाब्लीवाल्यांनाही तेच अवघड गेले.