पातळ खिचडी आणि सक्तीचा आराम

नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीच्या कर्करोगमुक्तीचं श्रेय साखर-दूध बंद करण्याला, लांबवलेल्या उपासाला, लिंबूपाण्याला, कच्च्या हळदीला आणि कडुनिंबाला दिलं. टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी डॉक्टरांना पत्रक काढून सांगावं लागलं, की या दाव्याला भक्कम पुरावा नाही, उपचार लांबवू नका. सिद्धूंच्या पत्नीने शस्त्रक्रिया आणि केमोही घेतली होती, आणि आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच होता असा खुलासा पुढे सिद्धूंनीही केला. तो वाद तिथे मिटला. पण निदानाचा रिपोर्ट हातात पडताच आपल्याकडे जी पथ्याची यादी तयार होते, ती कुठल्या पत्रकाने मिटत नाही. साखर बंद, दूध बंद, अंडी-मटण बंद, तेल-तूप बंद, आणि जोडीला 'तू फक्त पडून राहा'. काळजीपोटीच केलेला हा बंदोबस्त उपचार चालू असताना रुग्णाचं सरळसरळ नुकसान करतो, असं माझं मत आहे.

नुकसान कसं होतं ते तोंडाच्या कर्करोगात, म्हणजे तंबाखू-गुटख्याने आपल्याकडे घरोघर पोचवलेल्या आजारात, सर्वांत स्पष्ट दिसतं. शेक (रेडिएशन) सहा-सात आठवडे चालतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड सोलवटतं, लाळ चिकट होते, घास मातीसारखा लागतो. मग घरातून येते ती पेज किंवा मुगाची पातळ खिचडी, तीही तुपाविना, कारण 'पचायला हलकी'. वजन उतरू लागतं. शेक देताना चेहरा एका जागी स्थिर ठेवायला जो मास्क मापाने बनवलेला असतो, तो गाल बसल्यावर सैल होतो, आणि कधी कधी सगळं मोजमाप नव्याने करावं लागतं. अशक्तपणा फार वाढला तर शेकात खंड पडतो, केमोचा डोस कमी करावा लागतो किंवा पुढे ढकलावा लागतो. उपचाराचा गुण ठरल्या वेळी ठरला डोस पुरा होण्यावर बराच अवलंबून असतो. युरोपातल्या 'एस्पेन' या पोषणतज्ज्ञांच्या संस्थेची शिफारस आहे, की कर्करोगाच्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला २५ ते ३० कॅलरी आणि किमान १, जमल्यास दीड ग्रॅम प्रथिनं मिळावीत. साठ किलोच्या माणसाला म्हणजे ६० ते ९० ग्रॅम. वाटीभर पेजेतून हा हिशेब कधीच पुरा होणार नाही. त्याच पेजेत उकळताना अंडं फेटून घातलं, दुधातलं नाचणीचं सत्त्व दिलं, खिचडी घोटून तिच्यात चांगलं दोन चमचे तूप सोडलं आणि दर दोन तासांनी थोडं थोडं भरवलं, तर पुष्कळ फरक पडतो. गिळणंच थांबलं तर नाकातून नळी घालायची वेळ येते. ती लाजेची किंवा हार मानण्याची गोष्ट मुळीच नव्हे.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे साखर कर्करोगाला पोसते. त्यामागे खरं निरीक्षण आहे. १९२० च्या दशकात ओटो वारबर्ग यांनी दाखवलं, की गाठीच्या पेशी ग्लुकोज भराभर वापरतात. पेट स्कॅन याच गुणावर चालतो. पण चहातली साखर तोडल्याने गाठ उपाशी राहत नाही. रक्तातली साखर एका पातळीवर राखणं हे शरीराचं कामच आहे, आणि अन्न अपुरं पडलं की स्नायूंतली प्रथिनं मोडतात आणि त्यांतून यकृत ग्लुकोज बनवतं. उपासात झिजतो तो रुग्णाचा दंड आणि मांडी. मधुमेह असेल, किंवा केमोसोबतच्या स्टेरॉइडने साखर चढत असेल तर ती आवरायलाच हवी. स्तनाच्या कर्करोगात उपचारादरम्यान अनेकींचं वजन उलट वाढतं. त्यांना तुपाचा आग्रह करू नये. म्हणून तर प्रत्येकाचं ताट वेगळं मांडावं लागतं, आणि व्हॉट्सअॅपवरची एकच यादी सगळ्यांना चालत नाही.

आरामाचंही तसंच. केमोने गळून गेलेल्या माणसाला चालायला सांगणं निर्दयपणाचं वाटतं, हे मी समजू शकतो. पण हा थकवा झोपून जात नाही. २०१७ मध्ये 'जामा ऑन्कॉलॉजी'त ११३ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. कर्करोगाच्या थकव्यावर व्यायाम आणि मानसिक उपचार औषधांपेक्षा सरस ठरले. अमेरिकेतल्या 'अॅस्को' या कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ मध्ये बरं करण्याच्या हेतूने उपचार चालू असतानाच व्यायामाची शिफारस केली. त्याच शिफारशींत कच्ची फळं-भाज्या सरसकट बंद करणारं पथ्यही नाकारलं आहे. पुढे २०२५ मध्ये 'चॅलेंज' चाचणीचा निकाल आला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांपैकी ज्यांना तीन वर्षं प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम दिला, त्यांच्यातले सुमारे ९० टक्के आठ वर्षांनी हयात होते; नुसती माहितीपुस्तिका मिळालेल्या गटात ८३ टक्के. ही चाचणी केमो संपल्यानंतरची होती, तेव्हा तिचे आकडे चालू उपचाराला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. मात्र पुस्तिका आणि प्रशिक्षक यांतला फरक आपण नीट लक्षात घ्यावा. हाडांत पसरलेला आजार, ताप, घसरलेल्या प्लेटलेट्स यांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच करू नये. बाकीच्यांना घरातल्या घरात दहा मिनिटं फेऱ्या, खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं इथून सुरुवात करता येते.

खर्चाचा आक्षेप मात्र मी जास्त गांभीर्याने घेतो. प्रोटीन पावडरचा महागडा डबा बहुतेकांना लागत नाही. अंडी, फुटाणे, शेंगदाण्याचं कूट, दही, सोयाबीन यांनी पुष्कळ भागतं. पण विदर्भ-मराठवाड्यातून येऊन परळ-दादरच्या धर्मशाळेत महिनोन्‌महिने राहणाऱ्याला दर दोन तासांनी कोण काय करून देणार? तिथे घरच्यांना उपदेश करून उपयोग नाही, व्यवस्थाच लागते. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोग डे-केअर केंद्रं उभारण्याची घोषणा झाली आहे. सलाइन लावून चार-सहा तास तिथेच बसलेला रुग्ण आणि शेजारी डबा घेऊन बसलेली त्याची बायको, यांच्याशी बोलायला आहारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांची पदं त्या केंद्रांच्या आराखड्यातच मंजूर व्हायला हवीत. वजन केसपेपरवर लिहिलं जातंच. मागच्या खेपेपेक्षा ते उतरलेलं दिसलं तर त्याच दिवशी आहारतज्ज्ञाच्या नावाने चिठ्ठी गेली पाहिजे.