गणिताचा एक तास पुढच्या वर्गात : वसमतकरांस जाहीर विनंती

वसमतकर पालकहो, मुख्याध्यापकहो आणि शिक्षक बंधुभगिनींनो,

सहावीच्या बाकावर बसून जो विद्यार्थी सातवीच्या पुस्तकातील उदाहरणे विनासायास सोडवतो, आणि तरीही ज्याला अपूर्णांकांची तीच ती बेरीज-वजाबाकी वर्षअखेरपर्यंत वहीत उतरवून घ्यावी लागते, त्याच्यावर आपण शिस्तीच्या नावाखाली अन्याय करीत आहोत, हे उघडपणे सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. मागे पडलेल्या मुलाची चिंता वाहणारी आपली शाळा पुढे गेलेल्या मुलाची कैफियत मात्र ऐकून घेत नाही.

आपल्या आजोबांच्या काळी एका खोलीत चार इयत्ता बसत, आणि ज्याची पावकी-निमकी तोंडपाठ झाली त्याच्या कानी शेजारच्या मुलांची अडीचकी-औटकी आपोआप पडे. त्यासाठी कोणास अर्ज करावा लागत नसे. पुढे इयत्ताइयत्तांमध्ये भिंती उभ्या राहिल्या, ही सुधारणाच होय. परंतु त्या भिंतीला एक दार असावे, एवढेच माझे मागणे आहे.

आज अशा मुलाच्या पालकाला सल्ला मिळतो, तो त्याला नांदेडला वा लातूरला फाउंडेशनच्या वर्गात घालण्याचा. या सल्ल्यास माझा स्पष्ट विरोध आहे. सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी वर्गात प्रवेश देऊ नये, असे केंद्र शासनाच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत नमूद आहे. ज्याने त्रिकोणाची एकही सिद्धता स्वतः मांडली नाही, त्याच्याकडून अकरावीची सूत्रे घोकून घेणे म्हणजे पाला वाळण्यापूर्वीच हळद उपटणे होय. तिला ना रंग येतो ना वजन, हे ज्यांची हयात मोंढ्यात गेली त्यांना मी काय सांगावे? संपूर्ण इयत्ता गाळावी असेही मी म्हणत नाही, कारण भाषा, इतिहास आणि सवंगड्यांचा सहवास यांना वयाची साथ लागतेच.

माझी तजवीज साधी आहे. लागोपाठच्या दोन इयत्तांचा गणिताचा तास वेळापत्रकात एकाच वेळी ठेवावा, आणि पात्र विद्यार्थ्याला तेवढ्या तासापुरते पुढच्या वर्गात बसू द्यावे. हजेरी व निकाल त्याच्या मूळ वर्गातच राहावा. पात्रता ठरवण्यासाठी पुढच्या इयत्तेची सहामाही प्रश्नपत्रिका द्यावी, केवळ उत्तर न पाहता रीत तपासावी, आणि मुलाची स्वतःची इच्छा विचारावी. अमेरिकेत ज्युलियन स्टॅन्ली यांनी 1971 मध्ये आरंभिलेल्या अभ्यासात बारा-तेरा वर्षांच्या मुलांना त्यांच्याहून मोठ्यांसाठी असलेली परीक्षा देऊनच पारखले होते. न झेपल्यास मूल परत आपल्या बाकावर येईल, आणि त्यात कोणी कमीपणा मानू नये.

यास कायद्याची हरकत नाही. शिक्षण हक्क अधिनियम, 2009 च्या कलम 24 अन्वये प्रत्येक बालकाची शिकण्याची कुवत पाहून आवश्यक ते जादा अध्यापन करणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. आणि प्रत्येक बालकात पुढे गेलेले बालकही येते. नवोदयच्या सहावीत जिल्ह्यातून जास्तीत जास्त 80 मुलांची सोय होते. उरलेल्यांनी काय करावे?

पुस्तके लवकर संपली तर पुढे काय, अशी शंका काहीजण घेतील. त्यांनी देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचे स्मरण करावे. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, आणि हीच कृती पुन्हा करीत जा. फार तर सात पायऱ्यांत 6174 हाती येते. 3524 पासून आरंभ केल्यास 3087, मग 8352, मग 6174. वजाबाकी तिसरीच्या मुलालाही येते. असे का घडते, हे शोधण्यात मात्र आठवीचे मूल महिनाभर रमेल. ज्या विद्येचा तळ इतका खोल आहे, तिचे पुस्तक संपण्याचे भय बाळगण्याचे कारण नाही.

शालेय व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालकच असतात. तेव्हा येत्या जूनचे वेळापत्रक ठरण्यापूर्वी तिची सभा मागा, ही मागणी कार्यवृत्तात लेखी नोंदवून घ्या, आणि आपल्या मुलाला त्याच्या हक्काचा तो एक तास मिळवून द्या.

आपला नम्र,
एक निवृत्त गणितशिक्षक, वसमत