मिंग्रेलियन भाषेचा पुसलेला रकाना

काळ्या समुद्राच्या पूर्वेस, पश्चिम जॉर्जियातील सामेग्रेलो प्रांतात घरोघर बोलली जाणारी मिंग्रेलियन ही जॉर्जियनची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद तेथे केवळ विद्वानांपुरता उरलेला नाही. वस्तुतः भाषाशास्त्राच्या दृष्टीने वादाला फारशी जागाच नाही. मिंग्रेलियन, जॉर्जियन, स्वान आणि लाझ या एकाच कुळातील बहिणी खऱ्या. परंतु झुग्दिदीच्या बाजारातले मिंग्रेलियन संभाषण तिबिलिसीच्या माणसाला शिकल्यावाचून कळत नाही. किपशिद्झे यांनी १९१४ मध्येच या भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले होते.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला खटकतो तो जनगणनेचा रकाना. १९२६ च्या सोव्हिएत जनगणनेत मिंग्रेलियनांची स्वतंत्र नोंद झाली. ती सुमारे २ लाख ४३ हजार भरली. १९३९ च्या जनगणनेत हे सारे ‘जॉर्जियन’ या सदरात जमा झाले. माणसे होती तेथेच राहिली, आकडा तेवढा नाहीसा झाला! तिसाव्या दशकात या भाषेत निघणारे वृत्तपत्रही दशक संपण्यापूर्वी बंद पडले. आज भाषिकांच्या संख्येचे अंदाज ३ लाखांपासून ५ लाखांपर्यंत फिरतात. इतक्या सैल आकड्यावर कोणते खाते शिक्षक नेमील आणि पाठ्यपुस्तके छापील?

दुसरी बाजू लटकी नाही. बहुतेक मिंग्रेलियन स्वतःला जॉर्जियनच मानतात. जॉर्जियनचे राजभाषेचे स्थान काढून घेण्याचा घाट १९७८ मध्ये घातला गेला, तेव्हा तिबिलिसीत हजारो लोक रस्त्यावर उतरले होते. पुढे १९९२-९३ च्या अबखाझियातील युद्धात २ लाखांहून अधिक जॉर्जियनांना घरे सोडावी लागली; त्यांत मिंग्रेलियनांचाच भरणा मोठा होता. जे गाली जिल्ह्यात परतले, त्यांच्या मुलांच्या शाळांतून २०१५ पासून जॉर्जियन माध्यमही हटवून रशियन आणले गेले. अशा देशाला भाषेचा प्रत्येक नवा दावा फुटीची नांदी वाटावी, हे समजण्यासारखे आहे.

परंतु भीती समजली म्हणून तिच्यापोटी पत्करलेले धोरण मान्य करण्याचे कारण नाही. जे लोक स्वतःला जॉर्जियन म्हणवितात, त्यांच्या घरची भाषा आठवड्यातून दोन तास शाळेत शिकविल्याने देश कसा फुटणार? मिंग्रेलियनची सर्वांत जवळची बहीण लाझ. ती तुर्कस्तानात, म्हणजे अल्पसंख्य भाषांबाबत औदार्यासाठी मुळीच प्रसिद्ध नसलेल्या देशात, २०१३ पासून ऐच्छिक विषय आहे. जॉर्जियाने मात्र १९९९ मध्ये युरोपीय परिषदेत प्रवेश करताना प्रादेशिक व अल्पसंख्य भाषांची सनद स्वीकारण्याचे दिलेले वचन अद्याप पाळलेले नाही.

खर्चाची सबबही टिकणारी नाही. जॉर्जियन लिपीत एखाददुसऱ्या अक्षराची भर घातली की मिंग्रेलियन लिहिता येते, आणि ती बोलणारे शिक्षक त्या गावांतच आहेत. दरम्यान युनेस्कोने या भाषेची गणना संकटग्रस्त भाषांत केली आहे. जनगणनेत वंशाच्या रकान्याला हात न लावता घरात कोणती भाषा बोलता, एवढे विचारून त्याचे उत्तर वेगळे छापता येते. तिबिलिसीने आरंभ तेथून करावा.